१६ कोअर की २४? वर्कस्टेशन घेताना नुसता प्रोसेसरचा भाव बघू नका

माझा मावसभाऊ सांगलीत थ्रीडी वॉकथ्रू करतो. म्हणजे आर्किटेक्ट नकाशा देतो आणि हा त्याचं घर उभं करून, सोफे-पडदे लावून, आतून फिरवून दाखवतो. परवा रात्री साडेअकराला त्याने एका दुकानदाराच्या कोटेशनचा फोटो पाठवला. पहिल्याच ओळीत थ्रेडरिपर ९९६०एक्स. खाली मेसेज : "दादा, २४ कोअरचं घेतोय. हप्ता जरा जास्त बसेल, पण मग पाच वर्षं बघायला नको ना?"

कोटेशनच्या तळाशी एक ओळ होती, ती त्याने वाचलीच नव्हती : 'रॅमचा भाव फक्त तीन दिवसांसाठी ग्राह्य.' आजच्या लेखाचा अर्धा विषय त्या ओळीत आहे. उरलेला अर्धा 'बघायला नको ना' मध्ये.

तर तुलना करू. एका बाजूला एएमडीचा रायझन ९ ९९५०एक्स : १६ कोअर, ३२ थ्रेड, ऑगस्ट २०२४ मध्ये आला, तेव्हाची किंमत ६४९ डॉलर. दुसऱ्या बाजूला त्याच कंपनीचा थ्रेडरिपर ९९६०एक्स : २४ कोअर, ४८ थ्रेड, जुलै २०२५ च्या शेवटी बाजारात, किंमत १,४९९ डॉलर. इंटेलला का घेतलं नाही, असं कोणी तरी विचारणारच. त्यांचा कोअर अल्ट्रा ९ २८५के कागदावर २४ कोअरचाच आहे, पण त्यात ८ मोठे आणि १६ छोटे कोअर आहेत. तुमच्या फोनच्या चिपसारखं. त्यामुळे आकडा तोच असला तरी तुलना सरळ होत नाही. आणि झिऑन डब्ल्यू७-२४९५एक्स हा खरोखर २४ मोठ्या कोअरचा प्रोसेसर २०२३ च्या सुरुवातीला २,१८९ डॉलरला आला होता. थ्रेडरिपरचा आजचा भाव बघता तो या शर्यतीत उरत नाही.

आतून दोघे सख्खे भाऊ

हे दोन्ही प्रोसेसर झेन ५ आर्किटेक्चरचे आहेत. एएमडी आठ-आठ कोअरचे छोटे तुकडे बनवते, त्यांना चिपलेट म्हणतात, आणि हवे तेवढे तुकडे एका पाटावर मांडते. ९९५०एक्स मध्ये असे दोन चिपलेट आहेत, आठही कोअर चालू. ९९६०एक्स मध्ये चार आहेत, पण प्रत्येकात सहाच कोअर चालू ठेवलेत. म्हणून कोअर दीडपट असले तरी एल३ कॅश थेट दुप्पट आहे : ६४ च्या जागी १२८ एमबी.

म्हणजे कोअर तेच. एकटा कोअर काम करतो तेव्हा थ्रेडरिपर उलट किंचित मागेच पडतो. ९९५०एक्सचा वरचा वेग ५.७ गिगाहर्ट्झ, ९९६०एक्सचा ५.४. फरक पाच टक्क्यांचा, डोळ्यांना जाणवणारही नाही. पण ८५० डॉलर जास्त मोजून एका कोअरच्या कामात मशीन तसूभरही पुढे जात नाही, हे आधीच माहीत असलेलं बरं.

डॉलर ९० रुपये धरा, वर १८ टक्के जीएसटी लावा. ९९५०एक्स साधारण ६९ हजार, ९९६०एक्स साधारण १ लाख ५९ हजार. हा नुसता हिशेब आहे. दुकानातला भाव इकडे-तिकडे असतो, आणि ९९५०एक्स तर आता सुरुवातीच्या किमतीपेक्षा स्वस्तच मिळतो. दर कोअरमागे बघितलं तर एकीकडे ४०-४१ डॉलर, दुसरीकडे ६२-६३. घाऊक घेतलं की माल स्वस्त पडतो, हा आपला बाजारातला अनुभव इथे उलटा चालतो.

दीडपट कोअर, मग दीडपट काम का नाही?

फोन घेताना आपण 'ऑक्टा-कोअर' वाचतो. आठ कोअर आहेत म्हणून व्हॉट्सअ‍ॅप आठपट वेगाने उघडतं का? नाही. कारण प्रत्येक कामात एक भाग वाटून घेता येतो आणि एक भाग एकट्यानेच करावा लागतो. लग्नाच्या जेवणात दहा जणांना भाज्या चिरायला बसवता येतं, पण भात दहा जणांनी मिळून लवकर शिजत नाही.

जीन अ‍ॅमडाल या कॉम्प्युटर इंजिनिअरने १९६७ मध्ये हे गणितात मांडलं. इंजिनिअरिंगला आम्ही ते परीक्षेपुरतं पाठ केलं होतं, पण वर्कस्टेशन विकत घेताना याच्याइतकं उपयोगी सूत्र दुसरं नाही. समजा तुमच्या कामाचा ९५ टक्के भाग कोअरमध्ये वाटता येतो. मग १६ कोअर ते काम एका कोअरपेक्षा ९.१ पट वेगाने करतील आणि २४ कोअर ११.२ पट. फायदा २२ टक्के, पन्नास नव्हे. वाटता येणारा भाग ९९ टक्के असेल तर फायदा ४० टक्क्यांवर जातो. आणि कामाचा निम्माच भाग वाटण्याजोगा असेल तर? १.८८ पट आणि १.९२ पट. म्हणजे दोन टक्के. वर तो पाच टक्के कमी वेग धरला तर महागडं मशीनच हळू ठरेल.

हे नुसतं कागदी गणित नाही, याचं एक उदाहरण तुमच्या खिशात आहे. अँड्रॉइडचा संपूर्ण सोर्स कोड बिल्ड करायला किती वेळ लागतो, हे गुगलने आपल्या डेव्हलपरसाठीच्या पानांवर दिलं होतं : ७२ कोअरच्या मशीनवर सुमारे ४० मिनिटं, ६ कोअरच्या मशीनवर सुमारे ६ तास. कोअर बारापट, वेग नऊपट. आणि कोड कंपाइल करणं हे वाटून घेण्यासाठी फार सोयीचं काम आहे, हजारो फाइली असतात, प्रत्येक कोअरला एकेक द्यायची. तरीही बारातले तीन कुठेतरी गळालेच.

म्हणून 'कोणता प्रोसेसर फास्ट' या प्रश्नाला एकच उत्तर नाही. तुमच्या दिवसातली वाट बघण्याची वेळ कोणत्या जातीची आहे, ते आधी बघावं लागतं.

टास्क मॅनेजर उघडून बसलो

भावाला व्हिडिओ कॉल लावला आणि सांगितलं, आत्ता चालू असलेलंच काम कर, बाजूला टास्क मॅनेजर उघडा ठेव, परफॉर्मन्समध्ये जा आणि आलेखावर राइट क्लिक करून प्रत्येक थ्रेडचा वेगळा चौकोन दिसेल असं कर. त्याचं सध्याचं मशीन ८ कोअरचं आहे, त्यामुळे सोळा चौकोन.

त्याने स्केचअपमध्ये एका तीन मजली बंगल्याचं मॉडेल उघडलं. फिरवलं, झूम केलं, मशीन अडखळायला लागलं. "बघ दादा, हेच ते. म्हणून तर मोठा प्रोसेसर पाहिजे." मी म्हटलं, चौकोन बघ. एक जवळपास भरलेला, दुसरा थोडा वर-खाली, बाकीचे आडवे झोपलेले. स्केचअपचं मॉडेलिंग मुख्यतः एकाच कोअरवर चालतं. तिथे २४ कोअर दिले तर झोपणाऱ्यांची संख्या वाढेल, एवढंच.

मग रेंडर लावलं. तो एन्स्केप वापरतो, आणि ते चालतं ग्राफिक्स कार्डवर. प्रोसेसरचे चौकोन पुन्हा शांत, जीपीयूचा आलेख छताला टेकलेला. आणि त्याच्या खाली खरा चोर सापडला. कार्डाची ८ जीबी मेमरी पूर्ण भरलेली होती. बंगल्याच्या बागेतली झाडं, गवत, फरशीचे मोठमोठे टेक्श्चर, सगळं त्या आठ जीबीत कोंबणं चाललं होतं. मजा म्हणजे कोटेशनमध्ये प्रोसेसरवर एवढा पैसा गेला होता की बजेट बसवायला कार्ड पुन्हा ८ जीबीचंच टाकलेलं.

इथे दुकानदाराला दोष द्यायचा माझा हेतू नाही. 'सगळ्यात भारी प्रोसेसर द्या' म्हटल्यावर त्याने तो दिला.

थ्रेडरिपरचे पैसे नक्की कशाचे?

मग थ्रेडरिपर म्हणजे फसवणूक आहे का? अजिबात नाही. पण त्याची किंमत जास्तीच्या आठ कोअरची नाही, भोवतीच्या रस्त्यांची आहे.

पहिला रस्ता मेमरीचा. ९९५०एक्सला रॅमकडे जाणारे दोन चॅनल आहेत. कंपनीने मान्य केलेल्या डीडीआर५-५६०० वेगाने हिशेब केला तर सेकंदाला ८९.६ जीबी. ९९६०एक्सला चार चॅनल आणि डीडीआर५-६४००, म्हणजे २०४.८ जीबी. दुपटीहून जास्त. हवेच्या प्रवाहाचं किंवा धातूवरच्या ताणाचं सिम्युलेशन करणाऱ्यांना हा फरक थेट जाणवतो. त्यांच्या कामात कोअर बऱ्याचदा गणितासाठी थांबलेले नसतात, ते डेटा यायची वाट बघत असतात.

क्षमतेचंही तसंच. रायझनच्या बोर्डवर रॅमच्या चार पट्ट्या लावता येतात, पण चारही लावल्या की एएमडीच्या तक्त्यानुसार वेग ५६०० वरून ३६०० वर येतो. ही गोष्ट फार लोकांना माहीत नसते. आज दोन पट्ट्या घेऊ, पुढच्या वर्षी अजून दोन टाकू, असं ठरवणारे इथे फसतात. थ्रेडरिपर ९९६०एक्स एक टीबीपर्यंत रॅम घेतो, तीही चुका स्वतः दुरुस्त करणारी ईसीसी.

दुसरा रस्ता पीसीआयई लेनचा. ग्राफिक्स कार्ड, एनव्हीएमई एसएसडी, वेगवान नेटवर्क कार्ड या सगळ्यांना प्रोसेसरपासून थेट लेन लागतात. ९९५०एक्स कडे वापरता येण्याजोग्या २४ आहेत. एका कार्डाला १६, दोन एसएसडींना चार-चार, संपल्या. थ्रेडरिपर ९००० मालिकेत पीसीआयई ५.० च्याच ८० पर्यंत लेन आहेत. तीन ग्राफिक्स कार्डं लावून घरी एआय मॉडेल ट्रेन करणाऱ्याला किंवा अनेक कॅमेऱ्यांचं फुटेज एकाच वेळी एसएसडींवर ओतणाऱ्या स्टुडिओला दुसरा पर्याय नाही. दोनच कार्डं असतील तर मात्र काही रायझन बोर्ड आठ-आठ लेन वाटून देतात. पीसीआयई ५.० च्या आठ लेनची गती ४.० च्या सोळा लेनएवढी असते, त्यामुळे बहुतेकांचं काम चालतं.

माझं स्वतःचं उदाहरण सांगतो, नाहीतर वाटेल हा माणूस थ्रेडरिपरवर राग धरून बसलाय. ऑफिसात आमच्या टीमला मोठा सी++ प्रोजेक्ट दिवसातून सात-आठ वेळा पूर्ण बिल्ड करावा लागतो. तिथे मी स्वतः थ्रेडरिपर मागितला आणि मिळाल्यावर पेढे वाटले. पण मागताना एक चूक केली : रॅम ६४ जीबीच सांगितली. आमच्या जड फाइली कंपाइल होताना एकेक प्रोसेस दीड-दोन जीबी खाते. ४८ थ्रेड एकदम सुटले की ९० जीबी तरी हवेत. पहिल्याच दिवशी मशीन गोठलं. शेवटी ३० थ्रेडवर मर्यादा घालून काम चालवलं. म्हणजे २४ कोअरचे पैसे दिले आणि रॅमपायी त्याच्या निम्म्याच्या जरा वर थ्रेड वापरले. जास्त कोअर घरात आणले की त्यांना खायलाही जास्त लागतं.

आणि रॅमच यंदा आगीत आहे

आता कोटेशनच्या त्या तळच्या ओळीकडे येऊ. जगातली जवळपास सगळी डीरॅम तीन कंपन्या बनवतात : सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. एआयच्या डेटा सेंटरमधल्या चिपना एचबीएम नावाची वेगळी, महागडी मेमरी लागते. मायक्रॉननेच सांगितल्याप्रमाणे तेवढ्याच क्षमतेसाठी एचबीएमला डीडीआर५ च्या सुमारे तिप्पट वेफर खर्ची पडतात. म्हणजे कारखान्यात एचबीएमची एक थाळी वाढली की साध्या रॅमच्या तीन थाळ्या कमी होतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये ओपनएआयने सॅमसंग आणि एसके हायनिक्सशी करार जाहीर केला. त्यात महिन्याला ९ लाख वेफरपर्यंतची गरज बोलली गेली. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने क्रूशियल हा आपला ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करायचं जाहीर केलं. माझ्या पहिल्या लॅपटॉपला टाकलेली रॅम क्रूशियलची होती, त्यामुळे जरा वाईट वाटलंच.

याचा आपल्या तुलनेशी संबंध असा. थ्रेडरिपरला तुमची जुनी, साधी डीडीआर५ चालत नाही. त्याला आरडीआयएमएम लागते, म्हणजे सर्व्हरला वापरतात त्या जातीची रजिस्टर्ड रॅम. त्यामुळे ज्या रांगेत डेटा सेंटरवाले पोतं घेऊन उभे आहेत, त्याच रांगेत तुम्ही पिशवी घेऊन उभे राहता. शिवाय चार चॅनलचा फायदा हवा तर चार पट्ट्या एकदम घ्याव्या लागतात. दोन लावल्या तर ज्यासाठी पैसे मोजले तो रस्ता अर्धा बंद. रायझनला साध्या दोन पट्ट्या पुरतात, जुन्या डीडीआर५ मशीनमधल्याही चालतात.

त्यावर टीआरएक्स५० बोर्ड, जो साध्या एएम५ बोर्डच्या कितीतरी पट महाग असतो. ३५० वॅटचा प्रोसेसर थंड ठेवणारा खास मापाचा कूलर. ९९५०एक्स पूर्ण जोरात २३० वॅटच्या आसपास घेतो. १२० वॅटचा फरक दिवसाला दहा तास धरला तरी महिन्याला ३६ युनिट, वीजबिलाचं ओझं फार नाही. पण उन्हाळ्यात बंद खोलीत जादा हिटर, आणि वीज गेल्यावर घरच्या साध्या इन्व्हर्टरला न पेलणारं मशीन, हे दोन्ही सांगलीत मोजावं लागतं. थ्रेडरिपरमध्ये आतलं ग्राफिक्सही नाही. कार्ड दुरुस्तीला गेलं तर स्क्रीन काळी. ९९५०एक्स मध्ये जेमतेम का होईना, आहे.

हप्त्याच्या भाषेत

भावाला शेवटी हिशेब करून दाखवला. समजा दिवसातले दोन तास तू खरोखर प्रोसेसरची वाट बघत बसतोस, आणि काम ९५ टक्के वाटण्याजोगं आहे. थ्रेडरिपर त्या १२० मिनिटांतली साधारण २२ वाचवेल. महिन्याचे २५ दिवस धरले तर ९ तास. तुझा तास ३०० रुपयांचा धरला तर महिन्याला २,७०० रुपये. नुसत्या प्रोसेसरचा ९० हजारांचा फरक भरून यायला ३३ महिने. बोर्ड, रॅम, कूलर धरून फरक दीड लाखावर गेला तर साडेचार वर्षांच्या वर. तोवर नवी पिढी येऊन जुनी झालेली असते. आणि रात्री रेंडर लावून झोपत असशील तर वाचलेला वेळ शून्य, कारण झोपेचे पैसे कोणी देत नाही.

हाच हिशेब आमच्या ऑफिसचा केला तर उलटा येतो. पाच जण एका बिल्डची वाट बघत असतात. तिथे पैसे वर्षाच्या आत वसूल.

'पाच वर्षं बघायला नको' याबद्दलही सांगितलं. २०१९ मध्ये थ्रेडरिपर ३९६०एक्स साठी लोकांनी महागडे टीआरएक्स४० बोर्ड घेतले. पुढची पिढी त्या बोर्डवर आलीच नाही. २०२२ मध्ये आली ती फक्त प्रो मालिका, वेगळ्या बोर्डवर. सध्याच्या सॉकेटवर ७००० आणि ९००० अशा दोन पिढ्या चालतात, हे आधीपेक्षा बरं. एएम५ ला मात्र २०२७ आणि त्यापुढेही साथ देऊ, असं एएमडीने जाहीर सांगितलंय. म्हणजे पुढे अपग्रेडची सोय स्वस्त बाजूलाच जास्त आहे.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पण दादा, क्लायंट ऑफिसात आला की विचारतो, मशीन कोणतं आहे." या मुद्द्यावर माझ्याकडे गणित नव्हतं. थ्रेडरिपर नावाचा रुबाब आहे, हे खरंच आहे.

दुसऱ्या दिवशी त्याने कोटेशन बदलून घेतलं : ९९५०एक्स, ४८ जीबीच्या दोन पट्ट्या, आणि वाचलेल्या पैशातून १६ जीबी मेमरीचं आरटीएक्स ५०७० टीआय. हप्ता कमी बसतोय. रॅमचा भाव मात्र एका दिवसात बदलला होता, आणि नव्या कागदावर मुदत तीन दिवसांची एक दिवस झालेली. त्याने त्याच संध्याकाळी आगाऊ रक्कम पाठवली.